हातगाडीवरचं स्टेज, परळची खोली

इंदूरात कुणाच्या लेकराला कॅन्सर निघाला की नातेवाईकांचं पहिलं वाक्य अजूनही तेच, "टाटाला दाखवा." म्हणजे परळ, 1941 साली सुरू झालेलं टाटा हॉस्पिटल. मग संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडायची आणि सकाळी मुंबई सेंट्रलला उतरायचं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं, पण उतरून राहायचं कुठे, खायचं काय आणि इकडे बापाचं दुकान कोण बघणार याचं उत्तर फारसं कुणाकडे नसतं. आजारी मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थांचा इतिहास बघितला तर त्यांनाही हा प्रश्न जरा उशिराच समजला असं माझं मत आहे.

सुरुवात औषधासाठी पैसे गोळा करण्यापासून झाली. बॉस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर यांनी 1947 च्या शेवटी ल्युकेमिया म्हणजे रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन हे औषध द्यायला सुरुवात केली, आजार काही महिनेच मागे हटायचा पण तोपर्यंत तेवढंही होत नव्हतं. पुढच्या संशोधनाला पैसा हवा होता. मग 22 मे 1948 ला रेडिओवाल्यांनी एका 12 वर्षांच्या पेशंटच्या खोलीत माईक नेला, त्याचे आवडते बेसबॉल खेळाडू त्याच्या पलंगाशी येऊन उभे राहिले आणि लोकांना सांगितलं की 20 हजार डॉलर जमले तर याला मॅच बघायला टीव्ही मिळेल. जमले 2 लाख 31 हजार! खरं नाव लपवायला त्याला 'जिमी' म्हटलं होतं, आणि गंमत अशी की पोरगा कधीच गेला असणार असं सगळे धरून चालले होते, तर 1998 मध्ये तो समोर आला, ट्रक चालवून संसार केलेला, नातवंडं असलेला आजोबा.

1980 मध्ये अमेरिकेतल्याच फिनिक्सला वेगळीच सुरुवात झाली. ल्युकेमिया झालेल्या 7 वर्षांच्या ख्रिसला पोलीस व्हायचं होतं, तिथल्या पोलिसांनी त्याच्या मापाचा युनिफॉर्म शिवून घेतला, हेलिकॉप्टरमधून फिरवलं, थोड्याच दिवसांत तो गेला. त्यातून आजारी मुलांची एखादी इच्छा पूर्ण करणारी मेक-अ-विश ही संस्था उभी राहिली, भारतात ती 1996 ला आली. लोक तिला 'शेवटची इच्छा' म्हणतात ते काही बरोबर नाही, इच्छा पूर्ण झालेली कितीतरी मुलं पुढे बरी होतात.

आता आपल्या गावाकडे येऊ. पलक मुच्छल आज सिनेमात गाते म्हणून सगळ्यांना माहीत आहे, पण जुन्या इंदूरकरांना आठवते ती कारगिलच्या वेळी, 1999 ला, दुकानादुकानात गाऊन जवानांच्या घरच्यांसाठी पैसे जमवणारी सात वर्षांची पोर. पुढच्याच वर्षी हृदयाला छेद असलेल्या एका शाळकरी मुलासाठी ती चक्क हातगाडीला स्टेज करून गायली, 51 हजार जमले, आणि बातमी वाचून बंगलोरच्या डॉ. देवी शेट्टींनी ऑपरेशन फुकट करायची तयारी दाखवली. मग आईवडिलांनी विचार केला की जमलेला पैसा दुसऱ्या कुणाला देऊ, पेपरात जाहिरात दिली, तर एक नाही, 33 मुलं पुढे आली. म्हणजे रोग गावात आधीपासूनच होता, विचारणारं कुणी नव्हतं इतकंच. तेव्हापासून तिच्या कार्यक्रमांतून 3,000 च्या वर ऑपरेशनं झाली. सरकार नंतर आलं, मध्य प्रदेशात 2011 ला बाल हृदय उपचार योजना, आणि 2013 पासून अंगणवाडी-शाळेत मुलं तपासणारा राष्ट्रीय कार्यक्रम.

पण हृदयाचं ऑपरेशन एकदा झालं की बहुतेक वेळा घरी येता येतं. ल्युकेमियाचा इलाज दोन-तीन वर्षं चालतो हो, आणि पैसे संपले, सुट्ट्या संपल्या, घरी दुसरं लेकरू वाट बघतंय म्हणून लोक मधेच सोडून परत येतात, जिथे औषध लागू पडत होतं तिथेसुद्धा. इथे कामाला येते ती आपली जुनी धर्मशाळा. अहिल्याबाईंच्या गावाला तिचं मोल काय सांगायचं! दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा टाटाच्या पेशंटांना वर्षानुवर्षं आसरा देतेय. 2006 ला मुंबईत सेंट ज्यूड इंडिया सुरू झाली ती फक्त कॅन्सरच्या मुलांसाठी, आईबापासकट राहायला फुकट खोली आणि सगळ्यांचं मिळून स्वयंपाकघर, आपापलं रांधायचं. पोराला घरच्या हातचं वरण-भात मिळतो आणि आईला दिवसभर नुसतं बसून राहावं लागत नाही, हे कुठल्या बिलात दिसणार?

2018 ला आपल्या एमवायमध्ये, म्हणजे इंदूरच्या सरकारी हॉस्पिटलात, बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुरू झालं, त्यामुळे थॅलेसेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या जन्मजात आजाराच्या, काही लेकरांची तरी बाहेरगावची फेरी वाचली. बाकीच्यांसाठी एक सांगून ठेवतो, कॅन्सरच्या पेशंटला इलाजासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत तिकीट माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट, फक्त हॉस्पिटलचा सही-शिक्क्याचा फॉर्म आधी घ्यावा लागतो.