पोशाखी चित्रपट : वेशभूषा व नेपथ्याचा रसास्वाद (पुणे)

जुन्या काळात घडणाऱ्या चित्रपटातले कपडे, दागिने, वाडे, भांडीकुंडी, दिवे मुद्दाम न्याहाळायचे आणि त्या काळाशी ताडून पाहायचे, हा एक वेगळाच रसास्वाद आहे. अशा चित्रपटाला मराठीत ‘पोशाखी चित्रपट’ असे जुने नाव आहे. पुण्यात कौतुक आणि खोड काढणे एकाच दमात चालते. ‘काय वाडा उभारलाय!’ म्हणणारा प्रेक्षकच पुढच्या क्षणी खांबाच्या नक्षीवर बोट ठेवतो, कारण तसा खांब त्याने पेठेत पाहिलेला असतो.

या आवडीची मुळे प्रभात फिल्म कंपनीपर्यंत जातात. १९२९ मध्ये कोल्हापुरात निघालेली ही कंपनी १९३३ मध्ये पुण्यात आली. तिचे कलादिग्दर्शक एस. फत्तेलाल आणि त्यांचे जोडीदार विष्णुपंत दामले हे दोघे मूकपटांच्या काळातले कोल्हापूरचे चित्रपटकार बाबूराव पेंटर यांच्या तालमीतले. ‘संत तुकाराम’ (१९३६) मधले तुकोबांचे घर आजही पाहण्यासारखे आहे: भपका नाही, घर वापरातले वाटते. पेशवाईवरचा ‘रामशास्त्री’ (१९४४) प्रभातचाच. कंपनीच्या त्याच जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि कलादिग्दर्शनाचे शिक्षण तिथे आजही दिले जाते. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय (१९६४) तिथून जवळच आहे.

पाहायला सुरुवात डोक्यापासून करावी. आज लग्नाकार्यात मिरवणारी ‘पुणेरी पगडी’ एकोणिसाव्या शतकातली. तिचे श्रेय सहसा न्यायमूर्ती रानडे यांना दिले जाते. ती पहिल्या बाजीरावाच्या (मृत्यू १७४०) दरबारात दिसली, तर काळ किमान शंभर वर्षांनी पुढे सरकला म्हणून समजावे. पागोटे रोज डोक्याला गुंडाळायचे. पगडी मात्र आधीच बांधून तयार असते. पागोट्याच्या जागी तयार पगडी आली की जाणत्याच्या ते लगेच लक्षात येते.

लुगड्याची परीक्षा नटी बसून उठते तेव्हा होते. हाताने नेसलेल्या नऊवारीच्या निऱ्या विस्कटतात, काष्टा सैल पडतो, बाई तो सावरते. शिवलेली नऊवारी विजारीसारखी जागच्या जागी राहते. नाचाच्या प्रसंगात ती सोयीची, हे मान्य. माजघरात ताक घुसळणाऱ्या बाईच्या अंगावर मात्र ती खटकते. चोळीचेही तसेच: पुढे गाठ असायला हवी तिथे पाठीवर हुक दिसले की संपले. (थिएटरात मागच्या रांगेतून ‘अगं, नथ उजवीकडे घातलीय बघ!’ हे ऐकू येते ते अशाच वेळी.)

‘बालगंधर्व’ (२०११) ची गोष्ट वेगळी. तिथे वेशभूषा हाच कथेचा गाभा आहे, कारण शालू नेसून रंगभूमीवर वावरणारा पुरुष हा त्या चित्रपटाचा नायक. नीता लुल्ला यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

नेपथ्यासाठी पुण्यात ताडून पाहायची साधने हाताशी आहेत. दुसऱ्या बाजीरावासाठी १८०७ मध्ये बांधलेल्या विश्रामबागवाड्याची लाकडी दर्शनी बाजू रस्त्यावरूनच दिसते. त्या नक्षीशेजारी प्लायवूड आणि पीओपीचे काम ओळखू येते. राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, समया, दारे, चौकटी आणि पुन्हा उभारलेला मस्तानी महाल आहे. चित्रपट पाहून आल्यावर तिथे जाणे हा चांगला उद्योग ठरतो. समयांपाशी थोडे थांबावे: एका समईच्या उजेडात दिवाणखाना किती अंधारा राहत असेल, हे तिथे कळते. चित्रपटात तेच दालन लख्ख उजळलेले असते आणि ही चूक जवळपास सगळ्यांनाच माफ असते.

शनिवारवाड्याचे काम १७३० मध्ये सुरू झाले आणि १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या. आज उरलेत ते तट, दरवाजे आणि जोती. म्हणून ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) मधला आरसेमहाल ताडून पाहायला मूळ वास्तूच नाही. त्या चित्रपटाच्या कलादिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि पुण्यात ‘वाडा होता का राजस्थानी महाल?’ हा वादही झडला. पेशवाईच्या उत्तरार्धातल्या दरबाराची कल्पना मात्र चित्रांवरून करता येते. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात राहिला. त्याने केलेल्या रेखाटनांच्या आधारे थॉमस डॅनिएलने १८०५ मध्ये सवाई माधवरावांचा दरबार रंगवला. चित्रात पेशवे आणि मानकरी बैठकीवर आहेत, खुर्च्यांवर नाहीत. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पडद्यावरचे उंच सिंहासन दिसताच काय चुकले ते कळते.