बरं चाललंय, पण कुठल्या अर्थाने?

दरवर्षी मार्चमध्ये जागतिक आनंद अहवाल येतो, फिनलंड पहिला ठरतो (२०१८ ते २०२५ सलग ठरला आहे) आणि भारत कितवा यावर आपण दोन दिवस चेष्टा करतो. गंमत म्हणजे ही क्रमवारी ज्या प्रश्नावर लागते, त्यात आनंदाचं नावही नसतं. एक शिडी डोळ्यांसमोर आणा, असं सांगतात. तळाला ०, माथ्यावर १०. माथ्यावर तुम्हाला शक्य असलेलं सर्वांत चांगलं आयुष्य, तळाला सर्वांत वाईट. आता तुम्ही कुठल्या पायरीवर आहात? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कॅन्ट्रिल यांनी १९६५ मध्ये मांडलेली ही शिडी. उत्तर देताना माणूस पगार, घर, तब्येत, धाकट्या भावाने घेतलेला फ्लॅट असा सगळा हिशोब करतो. काल आपण किती हसलो, हे त्यात फारसं येत नाही.

ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने एप्रिल २०११ पासून वेगळी वाट धरली. सोळा वर्षांवरच्या लोकांना ते चार प्रश्न विचारतात आणि ० ते १० मध्ये उत्तर घेतात. सध्याच्या आयुष्याबद्दल एकंदरीत किती समाधानी आहात? तुम्ही जे करता ते कितपत मोलाचं वाटतं? काल किती आनंदी होतात? काल किती चिंतेत होतात? चारही उत्तरांची सरमिसळ करून एकच आकडा काढण्याचा मोह त्यांनी टाळला. माझ्या मते खरं शहाणपण तिथेच आहे.

‘काल’च का? आत्ताचं विचारलं तर मुलाखत घेणारा समोर बसलाय हेच उत्तरात शिरतं, आणि गेल्या महिन्याचं विचारलं तर आठवण दगा देते. मग एखाद्याचा ‘काल’ नेमका सोमवार असला तर? वर्षभर, वेगवेगळ्या वारी, हजारो लोकांना विचारलं की ते आपोआप भरून निघतं.

या आकड्यांमध्ये एक गोष्ट सातत्याने दिसते. समाधान आणि मोल या दोन्ही प्रश्नांवर स्त्रिया पुरुषांपेक्षा किंचित वरचे गुण देतात, आणि चिंतेच्या प्रश्नावरही त्यांचाच आकडा जास्त असतो. आनंद वाढला की चिंता तेवढीच घटेल, असं हे गणित नाही. दहावीच्या मुलीच्या आईला हे सांगायची गरज नाही म्हणा.

दिवसभराचा अनुभव आणि आयुष्याबद्दलचं मत यांतली फट डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये छान दाखवली. टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांनी कालचा दिवस प्रसंगाप्रसंगाने लिहून काढला आणि प्रत्येक वेळी कसं वाटत होतं ते नोंदवलं. सकाळी कामावर जाण्याचा प्रवास अगदी तळाला गेला, यात कुणाला नवल वाटणार नाही. पण मुलांना सांभाळणंही बरंच खाली, टीव्ही बघण्याच्याही खाली, घरकामाच्या जवळपास आलं. याच स्त्रियांना ‘आयुष्यात मोलाचं काय’ असं विचारलं असतं, तर बहुतेकींनी मुलांचंच नाव घेतलं असतं, असं मला वाटतं. दोन्ही उत्तरं खरीच.

आपल्याकडचं उदाहरण कोलकात्याचं आहे. रॉबर्ट बिस्वास-डीनर आणि एड डीनर यांनी २००१ मध्ये ८३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. झोपडपट्टीतले रहिवासी, पदपथावर राहणारे आणि वेश्याव्यवसायातल्या स्त्रिया, असे हे लोक. एकूण आयुष्याबद्दल त्यांचं मत मध्यापेक्षा जरासं खाली गेलं. कुटुंब, आपला स्वभाव, आपली नीतिमत्ता असं एकेक विचारलं तेव्हा मात्र उत्तरं समाधानाकडे झुकली. यावरून ‘गरीबच खरे सुखी’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. एकूण आयुष्याचा आकडा ते सोयीस्करपणे विसरतात.

मापनाच्या भानगडीही आहेतच. फोनवर विचारलं तर लोक समोरासमोरच्या मुलाखतीपेक्षा जरा जास्त गुण देतात, त्यामुळे पद्धत बदलली की जुन्या आकड्यांशी तुलना जपून करावी लागते. सरासरीही फसवी. ब्रिटनमध्ये समाधानाची सरासरी साडेसातच्या आसपास घुटमळते, म्हणून तिथे ० ते ४ गुण देणारे किती, हे वेगळं मोजतात. सर्वांत वाईट स्थितीत कोण आहे, हे तपासलं तेव्हा स्वतःची तब्येत वाईट असल्याचं सांगणारे, दीर्घ आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे कामाबाहेर पडलेले, मधल्या वयाचे, एकटे राहिलेले आणि भाड्याच्या घरातले लोक जास्त सापडले.