मोबाईलवरच्या बोर्डिंग पासात असतं तरी काय?

सुरक्षा तपासणीच्या रांगेत आपला नंबर येतो, आपण मोबाईल स्कॅनरच्या काचेवर पालथा धरतो आणि काहीच होत नाही. उलटून बघावं तर स्क्रीन मंद झालेला, नाहीतर विझलेला. मागचे लोक चुळबुळ करायला लागतात. माझं हे इतक्या वेळा झालंय, की आता रांगेत शिरतानाच मी ब्राइटनेस पूर्ण वाढवून ठेवतो.

गंमत म्हणजे त्या क्षणी मोबाईल स्कॅनरला काहीही ‘पाठवत’ नसतो. त्याला ना इंटरनेट लागतं, ना ब्लूटूथ. काचेखाली एक छोटा कॅमेरा असतो आणि तो स्क्रीनवरच्या चित्राचा फोटो काढतो, एवढंच. म्हणून पास आधी उतरवून ठेवलेला असेल, तर रेंज नसतानाही काम होतं. जुने लेझर स्कॅनर मात्र इथे हात टेकतात. कागदावरची काळी पट्टी लेझरचा प्रकाश गिळते, पांढरी परत फेकते. त्या फरकावरच त्यांचं वाचन चालतं. स्क्रीनवरचं चित्र आतून येणाऱ्या उजेडाचं असतं. बाहेरून लेझर मारला, तर काळा भाग काय आणि पांढरा काय, काच दोन्हीकडून जवळपास सारखीच चमकते.

आता त्या चित्रात काय लिहिलंय ते बघू. विमान कंपन्यांची जागतिक संघटना ‘आयाटा’ हिने २००५ मध्ये यासाठी एक ठरावीक साचा आणला आणि २०१० संपेपर्यंत चुंबकीय पट्टीचे जुने पास मोडीत काढायचं ठरवलं. एका उड्डाणासाठी या साच्यात सक्तीची अशी फक्त ६० अक्षरं असतात. सुरुवातीला साच्याची खूण, मग नावासाठी २० जागा (लांबलचक नाव मध्येच तुटलेलं दिसतं ते यामुळे), मग पीएनआर, कुठून-कुठे, कंपनी, विमानाचा क्रमांक, तारीख, सीट, चेक-इनचा क्रमांक. तारीख लिहायची तऱ्हा मला फार आवडते: महिना नाही, साल नाही, नुसता वर्षातला कितवा दिवस. १ फेब्रुवारी म्हणजे ०३२.

कागदावर ही अक्षरं बहुधा आडव्या, पट्ट्यापट्ट्यांच्या ‘पीडीएफ४१७’मध्ये छापतात. मोबाईलवर चौकोनी क्यूआर नाहीतर ॲझ्टेक कोड असतो. ॲझ्टेक १९९५ चा, अँड्र्यू लाँगेकर आणि रॉबर्ट हसी यांचा. त्याच्या मधोमध एकात एक चौकोन असतात, मेक्सिकोतल्या प्राचीन ॲझ्टेक लोकांच्या वरून पाहिलेल्या पिरॅमिडसारखे. नाव त्यावरूनच पडलं. स्कॅनर आधी हे केंद्र शोधतो आणि तिथून बाहेर वाचत जातो. त्यामुळे मोबाईल तिरका धरला, उलटा धरला, तरी बिघडत नाही.

आणि काच तडकलेली असली तर? बरेचदा तरीही चालतं, कारण कोडमध्ये मजकुरासोबत जादा आकडे पेरलेले असतात. कागदावर दोन बिंदू काढा. त्यांतून एकच सरळ रेघ जाते. त्याच रेघेवरचे आणखी तीन बिंदू सोबत पाठवले आणि वाटेत एक बिघडला, तर चार एका ओळीत आणि एक बाहेर. चोर सापडला, आणि त्याची खरी जागाही कळली. आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांनी १९६० मध्ये मांडलेल्या गणिताचं मर्म असं आहे, फक्त तिथे सरळ रेघेऐवजी वक्र असतात. ओरखडे पडलेली सीडी वाजायची तीही याच्याच जिवावर. मात्र तडा नेमका मधल्या चौकोनांवरून गेला, तर स्कॅनरला सुरुवातच सापडत नाही. मंद स्क्रीनवरही हे गणित चालत नाही, कारण तिथे एखादा ठिपका नव्हे, सगळंच चित्र फिकटलेलं असतं.

एवढी हुशारी वापरूनही हा मजकूर गुप्त मात्र नसतो. कोड वाचणारं कुठलंही साधं ॲप तो उघडून दाखवतं. मग खोटा पास का चालू नये? कारण जिथे यंत्रणा जोडलेली असते, तिथे स्कॅनर नुसतं वाचून थांबत नाही. या नावाचा प्रवासी आज या विमानात आहे का, हे नोंदींशी ताडून पाहतो. साच्याच्या शेवटी डिजिटल सहीसाठीही जागा आहे. ती सही केलेली असेल, तर मधलं एक अक्षर बदललं तरी ती जुळत नाही. पण ही सही सगळीकडे सक्तीची नाही.

खरा धोका पीएनआरचा. पीएनआर आणि आडनाव एवढ्यावर बऱ्याच विमान कंपन्यांच्या वेबसाइटवर बुकिंग उघडतं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी ॲबट यांनी आपल्या बोर्डिंग पासचा फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. एका जाणकार तरुणाने त्यावरून त्यांचं बुकिंग उघडलं, आणि त्या पानाच्या कोडमध्ये त्यांचा पासपोर्ट क्रमांक आणि फोन नंबर सापडला.

तो पास कागदी होता. तसा कागद विमानातून उतरताना समोरच्या सीटच्या खिशात विसरलाही जातो. मोबाईलवरचा पास निदान तिथे राहत नाही. त्याचा स्क्रीनशॉट ‘निघालो!’ म्हणून स्टेटसला लावला, तर गोष्ट वेगळी.