नदीकाठची टाकी बदलायची तर परवानगी कशाची? निळ्या रेषेची आणि १८ मीटरची पार्श्वभूमी

कृष्णा, पंचगंगा किंवा इंद्रायणीच्या काठावरच्या जुन्या घराची संडासाची टाकी बदलायचा अर्ज नगररचनेच्या टेबलावर गेला, की पहिला प्रश्न येतो, "प्लॉट निळ्या रेषेत आहे का?" टाकीचं पाणी कुठे जातं, जमीन ते शोषते का, पावसाळ्यात भूजल किती वर येतं, हे प्रश्न मागे पडतात. बरेचदा ते विचारलेच जात नाहीत. पुराची उंची सांगणारी रेषा नदीच्या शुद्धतेची रेषा कशी होऊन बसली, हे कळल्याशिवाय आजच्या परवानग्यांतला गोंधळ उलगडत नाही.

सुरुवातीचे कायदे कारखान्यांकडे पाहून लिहिलेले होते. राज्याचा स्वतःचा जलप्रदूषण कायदा १९६९चा. केंद्राचा कायदा १९७४चा, तो राज्याने १९८१मध्ये स्वीकारला. केंद्राच्या कायद्यातली 'प्रवाह' या शब्दाची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे, कारण तिच्यात नदी-ओढ्यांच्या जोडीला भूगर्भातलं पाणीही येतं. म्हणजे शोषखड्ड्यातून जमिनीत मुरणारं पाणीसुद्धा कायद्याच्या भाषेत प्रवाहातच सोडलेलं असतं. प्रत्यक्षात घरगुती टाकीकडे या नजरेने कुणी पाहिलं नाही. ती बांधकाम नियमावलीतला एक परिच्छेद होऊन राहिली.

तो परिच्छेद १९८५च्या भारतीय मानकावरून, आयएस २४७० वरून, जवळपास तसाच उचललेला आहे. टाकीची आतली रुंदी किमान ७५ सेंटिमीटर, पाण्याची खोली किमान १ मीटर, क्षमता किमान १ घनमीटर, लांबी रुंदीच्या २ ते ४ पट. शोषखड्डा किमान ९० सेंटिमीटर व्यासाचा. पाणी जमिनीत मुरवण्याची व्यवस्था पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून, 'उदाहरणार्थ विहीर', १८ मीटरच्या आत नको आणि राहत्या इमारतीपासून ६ मीटरच्या आत नको. टाकीचं पाणी पुरेशी प्रक्रिया केल्याशिवाय उघड्या गटारात किंवा जलाशयात सोडायचं नाही, हेही तिथेच लिहिलेलं आहे. हे शेवटचं वाक्य राज्यभर रोज मोडलं जातं.

अडचण त्या 'उदाहरणार्थ विहीर'मध्ये आहे. नियमात नदीचं नाव नाही. नदी हा पिण्याच्या पाण्याचा स्रोत मानायचा का? खालच्या अंगाला गावाची जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, असेल तर उत्तर उघड आहे, तरीही नकाशा तपासणारा शेजारची विहीर आणि बोअर शोधतो, नदीपासून १८ मीटर मोजत नाही. नियमावलीत नदीपासूनचं अंतर वेगळ्या कलमात येतं. मोठ्या प्रवाहाच्या पाण्याच्या कडेपासून १५ मीटर आणि नाल्यासारख्या लहान प्रवाहापासून ९ मीटर, तेही बांधकामासाठी. टाकी जमिनीखाली असते, म्हणून ती 'बांधकाम' धरायची की नाही, यावर एकाच कार्यालयात दोन मतं निघतात.

२००० साली राज्याने नदी नियमन क्षेत्राचं धोरण आणलं तेव्हा हा गुंता सुटण्याची संधी होती. नद्यांच्या पट्ट्यांची अ-१ ते अ-४ अशी वर्गवारी झाली. अ-१ म्हणजे नुसतं निर्जंतुक करून पिता येईल असं पाणी, अ-२ म्हणजे नेहमीची शुद्धीकरण प्रक्रिया करून पिण्याजोगं, त्याखाली मासे आणि वन्यजीवांसाठी, मग शेती आणि कारखान्यांच्या थंडाव्यासाठी. कुठला पट्टा पिण्याचा, हे त्या यादीतून निःसंदिग्ध कळत होतं आणि १८ मीटरच्या नियमाला तिचा आधार देता आला असता. पण धोरणातली अंतरं किलोमीटरमध्ये होती आणि उद्योगांसाठी होती. घरगुती टाकी त्यांच्या खालून निसटली. २००९मध्ये धोरण सुधारलं आणि फेब्रुवारी २०१५मध्ये ते मागेच घेतलं. उद्योगांना अडथळा होतो आणि प्रदूषणासाठी दुसरे कायदे आहेतच, अशी त्यामागची मांडणी होती. वर्गवारी पाणी तपासणीच्या अहवालांत उरली, नगररचनेच्या टेबलावरून गेली. पुढे २०१८मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी निघाली. त्यातले ५३ पट्टे महाराष्ट्रातले होते, सगळ्या राज्यांत जास्त.

टेबलावर उरली ती पूररेषा. तिचा उगम पाटबंधारे खात्याच्या १९८९च्या परिपत्रकात आहे. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी म्हणजे निळी रेषा, १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदी ते निळी रेषा निषिद्ध क्षेत्र, निळी ते लाल नियंत्रित क्षेत्र. हेतू माणसं आणि घरं वाचवण्याचा होता. टाकीतून काय झिरपतं याच्याशी त्या रेषेचा संबंध नव्हता. मुंबई आणि काही मोजके भाग वगळता राज्याला डिसेंबर २०२०मध्ये जी एकत्रित नियमावली लागू झाली, तिने हीच विभागणी उचलली आणि निषिद्ध क्षेत्रात काय चालेल याची यादी दिली: पार्किंग, खुला भाजीबाजार, बाग, स्मशानभूमी, सार्वजनिक शौचालय, पाण्याच्या व सांडपाण्याच्या वाहिन्या, सांडपाणी प्रक्रिया केंद्र.

वादाचं खरं मूळ या यादीत आहे. प्रक्रिया केंद्र चालतं, संडासाची टाकी यादीत नाही. मालकाच्या बाजूने म्हणणं असं, की चार माणसांचं घरगुती संयंत्र हेही प्रक्रिया केंद्रच आहे, आकार लहान इतकंच. कार्यालयाचं उत्तर असं, की यादीतल्या बहुतेक गोष्टी सार्वजनिक वापराच्या आहेत आणि केंद्रही त्याच अर्थाने वाचायचं. दोन्ही वाचनं भाषेत बसतात. तिसरी वाट पुनर्विकासाची. निषिद्ध क्षेत्रातल्या जुन्या अधिकृत इमारतीचा पुनर्विकास पाटबंधारे खात्याच्या ना हरकत दाखल्यावर करता येतो, अट अशी की जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर उंच हवं. टाकीला जोतं नसतं. ती अट टाकीला शब्दशः लावली तर टाकी संडासाच्या भांड्याच्या वर जाईल आणि मैला उताराने तिच्यात पोचणारच नाही. अटीचा समंजस अर्थ एकच निघतो: मॅनहोलचं तोंड आणि हवेचा नळ त्या पातळीच्या वर काढा, झाकण रबरी गास्केट लावून बंद करा आणि इनलेटच्या आधी एकमार्गी झडप बसवा. हा अर्थ नियमात लिहिलेला मात्र नाही.

'अधिकृत' या शब्दानेही अर्ज अडतात. गावठाणातल्या वाड्याचा मंजूर नकाशा सहसा नसतो. घरपट्टीची पावती कर भरल्याचा पुरावा आहे, बांधकाम अधिकृत असल्याचा नाही. मालमत्ता पत्रक आणि जुनी नगरभूमापन नोंद जोडली तर अर्जाला वजन येतं.

मग सगळे 'दुरुस्ती' या शब्दाचा आसरा घेतात. किरकोळ दुरुस्तीला परवानगी लागत नाही, म्हणून नवी टाकी दुरुस्ती म्हणून बसते. लहान प्लॉटचं कलमही हातभार लावतं. १५० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट कमी जोखमीचा धरला जातो. परवानाधारक अभियंत्याच्या सहीने कागद आणि शुल्क भरलं की पावती हीच परवानगी, टाकीचा छेद-नकाशा कुणी उघडून पाहत नाही. नदीकाठची गावठाणं अशाच प्लॉटांनी भरलेली आहेत. आमच्या मते शब्दाचा निकाल टाकीवर लावण्यापेक्षा पाण्यावर लावावा. टाकीचं झाकण, टी-पाइप, गिलावा बदलला आणि पाणी आधीच्याच जागी, तितकंच जात असेल तर ती दुरुस्ती. क्षमता वाढली, पाण्याची वाट बदलली किंवा बिनतळाच्या खड्ड्याच्या जागी तळाची टाकी आली, तर ते नवं काम.

हा शेवटचा प्रकार फार आहे. परसातल्या ज्या जुन्या 'टाक्या' बदलायला निघतात, त्यातल्या पुष्कळ मुळात टाक्या नसतातच. कोरड्या दगडी बांधणीचा, तळ नसलेला खड्डा असतो. 'वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही' हे मालक कौतुकाने सांगतो, पण खड्ड्यातलं सगळं जमिनीत चाललं आहे याची ती खूण आहे. तपासायला सोपं आहे. टाकी उपसून आउटलेटपर्यंत पाण्याने भरायची, संडास बंद ठेवून २४ तासांनी काठीवरची खूण पाहायची.

नव्या कामाच्या छाननीत शोषणचाचणीला, म्हणजे जमीन पाणी किती वेगाने मुरवते हे मोजण्याला, सर्वांत जास्त वजन हवं. मानकातली पद्धत अशी: चराच्या (पाणी मुरवण्यासाठी खणलेल्या लांब खाचेच्या) खोलीइतका खड्डा, १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचा, कडा खरवडलेल्या, तळाशी ५ सेंटिमीटर खडी. त्यात किमान ३० सेंटिमीटर पाणी निदान ४ तास, शक्यतो रात्रभर टिकवायचं. मग पातळी २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. ३० मिनिटांपर्यंत शोषखड्डा किंवा चर, ३० ते ६० असेल तर फक्त चर, ६०च्या वर जमीन निरुपयोगी. तिथे ऊर्ध्वप्रवाही, म्हणजे पाणी खालून वर जाणारी, गाळणी लागते. भूजल १.८ मीटरच्या आत असेल तर चरही जमिनीवर भराव करून त्यात घ्यावा लागतो.

काळ्या जमिनीत ही चाचणी मे महिन्यात केली की फसते. भेगांतून पाणी भराभर जातं, मिनिटं कमी येतात, कागद सुंदर दिसतो. तीच माती ऑगस्टमध्ये फुगते, भेगा मिटतात आणि थेंब खाली जात नाही. रात्रभर भिजवण्याची पायरी याचसाठी आहे आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते.

हिशेबही मानकात आहे. २०४ला त्या मिनिटांच्या वर्गमुळाने भागलं की दर चौरस मीटरला दिवसाकाठी किती लिटर मुरेल ते येतं. २५ मिनिटं आली तर सुमारे ४१ लिटर. पाच माणसांचं सगळं सांडपाणी ५०० लिटर धरलं तर १२ चौरस मीटर शोषक क्षेत्र हवं. ९० सेंटिमीटर व्यासाच्या, १ मीटर उपयुक्त खोलीच्या खड्ड्याच्या भिंती भरतात २.८ चौरस मीटर. म्हणजे नकाशावर एक गोल काढून भागत नाही, पाच खड्डे लागतात, किंवा ६० सेंटिमीटर रुंदीचा २० मीटर चर. न्हाणी-मोरीचं पाणी वेगळं काढून टाकीत फक्त संडासाचं १५० लिटर घेतलं तर ही गरज ४ चौरस मीटरच्या आत येते. लहान परसाला बहुधा हाच उपाय परवडतो, मात्र मोरीच्या पाण्यालाही स्वतःची जागा द्यावी लागते.

महाबळेश्वर-पाचगणीचा भाग १७ जानेवारी २००१पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे प्रश्न उलटा आहे. जांभ्यातून पाणी इतकं झपाट्याने उतरतं की चाचणीत उत्तम गुण मिळतात, आणि मैल्याचं पाणी फारसं गाळलं न जाता खालच्या झऱ्यांकडे जातं. मानकात मिनिटांना वरची मर्यादा आहे, खालची पाळली जात नाही. झऱ्यांच्या प्रदेशात संथ जमिनीइतकीच चपळ जमीनही संशयाने पाहायला हवी.

२०१९ आणि २०२१च्या पुरांनी आणखी एक बाब समोर आणली: तरंगणं. २,००० लिटरची रिकामी टाकी पाण्यात बुडाली तर तिच्यावर सुमारे २ टनांचा वरचा दाब येतो. काँक्रीटचं पाण्यातलं वजन घनमीटरला साधारण १.४ टन, म्हणजे वरच्या मातीचा भार धरला नाही तर जवळपास दीड घनमीटर काँक्रीट लागतं. प्लॅस्टिक किंवा फायबरची टाकी नुसत्या वाळूत ठेवली तर ती उचलली जाते, जोडाचा पाइप तुटतो. म्हणून पूरपट्ट्यात टाकी खालच्या स्लॅबला पट्ट्यांनी बांधायची, जून ते सप्टेंबर उपसायची नाही, आणि उपसलीच तर लगेच पाण्याने भरायची. छाननीत छेद-नकाशावर हा स्लॅब दिसला पाहिजे.

जुनी टाकी काढताना माणूस आत उतरवायचा नाही, कोणत्याही कारणाने नाही. २०१३च्या कायद्याने ही धोकादायक सफाई बंद केली. मृत्यू झाल्यास २०१४च्या निकालाने ठरलेली १० लाखांची भरपाई ऑक्टोबर २०२३मध्ये ३० लाख झाली. टँकरने उपसा, झाकणं उघडी ठेवून हवा खेळू द्या, बाहेरूनच तळाला भोकं पाडा आणि मुरूम भरून खड्डा बंद करा.

उपसलेला मैला कुठे जातो हा प्रश्न २०१७च्या राष्ट्रीय मैला व्यवस्थापन धोरणापर्यंत परवानगीच्या कागदावर नव्हता. टँकर ओढ्यातच रिकामा होत असेल तर नवी टाकी नदीला काही देत नाही. कृष्णाकाठच्या वाईने २०१८पासून दर तीन वर्षांनी प्रत्येक टाकी ठरल्या वेळी उपसायची पद्धत सुरू केली आणि गाळासाठी दिवसाला ७० घनमीटरचं केंद्र उभारलं. यामुळे तिथे टाकीची जागा ठरवताना एक जास्तीची अट आपोआप येते: टँकरचा पाइप मॅनहोलपर्यंत पोचला पाहिजे. बोळाच्या टोकाला, न्हाणीच्या फरशीखाली बांधलेली टाकी नियमात बसली तरी उपसता येत नाही. म्हणून अर्जाच्या नकाशावर विहीर, बोअर, नदीची कड आणि दोन्ही पूररेषा दाखवताना टँकर उभा राहील ती जागा आणि तिथून मॅनहोलपर्यंतचं अंतरही मीटरमध्ये लिहावं, आणि शोषणचाचणीच्या आकड्यासमोर चाचणीची तारीख.