मेमरी बँक बदल (झेडएक्स स्पेक्ट्रम १२८)

जुन्या आठ-बिट घरगुती संगणकाच्या प्रोसेसरला एका वेळी जेवढी मेमरी दिसते, त्याहून जास्त मेमरी पाळीपाळीने एकाच पत्त्यावर आणून वापरण्याची रीत. स्पेक्ट्रममधल्या झेड८० प्रोसेसरचे पत्ते १६ बिटांचे, म्हणून त्याची धाव ६५,५३६ बाइटपर्यंतच (६४ केबी). १९८५ मध्ये स्पेनमध्ये प्रथम विक्रीस आलेल्या स्पेक्ट्रम १२८ या घरगुती संगणकात नुसती रॅमच (लिहिता-पुसता येणारी मेमरी) त्याच्या दुप्पट होती.

ही रॅम १६ केबीच्या आठ बँकांत वाटलेली आहे, क्रमांक ० ते ७. तळाशी रॉम (फक्त वाचता येणारी, कायमची मेमरी), १६३८४ पासून बँक ५, जिच्यात पडद्यावरचे चित्र असते, ३२७६८ पासून बँक २. या दोघींची जागा पक्की. ४९१५२ पासूनची वरची जागा मात्र हव्या त्या बँकेला देता येते. वरूड-मोर्शीकडच्या संत्राबागायतदाराला हे फार समजवावे लागत नाही: विहिरीवर मोटर एक, पाइपलाइन एक, वाल आठ, ज्या तुकड्याचा वाल उघडा, तिथेच ओलीत. बाकीच्या तुकड्यांतली झाडे कुठे जात नाहीत, तशी नजरेआडच्या बँकेतली माहितीही जागीच राहते. (लाइन गेली की मात्र आठही बँका साफ. संत्र्याची उपमा इथवरच.)

हा वाल म्हणजे ३२७६५ क्रमांकाचे पोर्ट, प्रोसेसरने बाहेरच्या भागांना बाइट पाठवायचे दार. त्यावर पाठवलेल्या बाइटचे खालचे तीन बिट बँक ठरवतात, चौथा पडदा बँक ५ चा की ७ चा हे, पाचवा कोणती रॉम लागावी हे. सहावा बिट १ केला तर रीसेट होईपर्यंत पोर्टला कुलूप. खोच अशी, की या पोर्टवर लिहिता येते, पण वाचता येत नाही. कोणता वाल उघडा आहे हे यंत्राला विचारायची सोयच नाही. म्हणून पाठवलेली किंमत २३३८८ या पत्त्यावर टिपून ठेवतात, आणि टिपणे व पाठवणे होईपर्यंत डीआय आज्ञेने इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून दुसरे करायला लावणारा इशारा) बंद ठेवतात. इंटरप्टमध्ये संगीताची बँक लावून वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला परतताना आधीची बँक लावायची असते; टिपण चुकले तर भलतीच लागते.

सर्वांत जास्त फसगत स्टॅक, म्हणजे परतीचे पत्ते ठेवायची मेमरीतली जागा, करतो. तो ४९१५२ च्या वर असेल, तर बँक बदलताच परतीचा पत्ताही तिच्याबरोबर जातो आणि रेट (परत जा) आज्ञा कुठेतरी भलतीकडे उडी मारते. बँक बदलणारा कोडही खालीच हवा. बेसिक या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘क्लिअर ४९१५१’ दिले की स्टॅक खाली सरकतो. नवशिक्याने पोर्टचे बिट नंतर शिकावेत, हे आधी.

भारतात १९८६ मध्ये परवान्याने निघालेला डीबी स्पेक्ट्रम+ ४८ केबीचा होता. त्यात बदलायला बँकाच नव्हत्या. आज खेड्यातही लॅपटॉपवर एम्युलेटर (जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम) चालवून हे शिकता येते, आणि त्याच्या डीबगरमध्ये (प्रोग्रॅमच्या आत डोकावायच्या साधनात) मूळ यंत्राने कधीच न सांगितलेली गोष्ट सरळ दिसते: या घटकेला वर कोणती बँक लागली आहे.