देखरेख आणि देखभाल

नाशिकमधल्या कुठल्याही वृद्धाश्रमाची किंवा केअर सेंटरची जाहिरात बघा, '२४ तास देखरेख' ही ओळ हमखास सापडते. फोन लावला की पलीकडचा माणूस म्हणतो, 'ताई, तुम्ही निश्चिंत राहा, देखभाल एकदम चांगली आहे आपली.' बोलताना आपणही हे दोन शब्द एकाच अर्थानं वापरतो. मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून नोकरी केली. निवृत्त झाल्यापासून ओळखीचे लोक 'आमच्याबरोबर जरा जागा बघायला चला ना' म्हणून मला नेतात. बहुतेक वेळा होतं असं की घरचे देखरेख बघून येतात आणि पैसे भरतात देखभालीचे.

देखरेख म्हणजे नजर. माणूस कुठे आहे, पडला तर नाही ना, फाटकाबाहेर तर गेला नाही ना, गोळी दिली की राहिली. वॉचमन, कॅमेरे, रजिस्टर, पलंगाचे कठडे हे सगळं तिच्यात आलं. देखभाल म्हणजे त्या माणसाला रोज जे लागतं ते वेळेवर मिळणं: कूस बदलणं, घोटभर पाणी, कवळी धुऊन तोंडात बसवणं, नखं कापणं, हाताला धरून संडासला नेणं. देखरेख लांबून करता येते. देखभालीला हात लावावा लागतो.

हा फरक मी शिकले तो नोकरीत नाही, घरात. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, शेवटच्या वर्षी तीन महिने शहराबाहेरच्या एका जागी होते. जागा स्वच्छ होती, माणसं गोड बोलायची, आणि मोबाइलवर त्यांच्या खोलीचा कॅमेरा दिसायचा. मी दिवसातून चारदा बघायचे. अण्णा शांत झोपलेले, अंगावर नीट पांघरूण. जानेवारीतली नाशिकची थंडी, त्यामुळे पांघरूण गळ्यापर्यंत असणारच. एका रविवारी भेटायला गेले, सहज पायमोजा काढला तर डाव्या टाचेवर रुपयाएवढा काळा डाग. कॅमेऱ्यानं तीन आठवडे पांघरूण बघितलं होतं. मी सिस्टर, आणि मीही पांघरूणच बघत होते.

असा डाग एका दिवसात येत नाही, पण त्याची सुरुवात मात्र काही तासांत होते. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिथला रक्तपुरवठा थांबतो. माकडहाड, खुबा, टाचा, घोटे, डोक्याची मागची बाजू, या नेमक्या जागा. अंथरुणावरच्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची आणि टाचा पोटरीखाली उशी देऊन अधांतरी ठेवायच्या, हा नर्सिंगमधला पहिल्या वर्षाचा धडा आहे. कातडी लाल दिसली तर बोटानं दाबून बघायची. बोट उचलल्यावर जागा क्षणभर पांढुरकी झाली तर ठीक, लालच राहिली तर आतून इजा सुरू झाली. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गरम लागतंय का, घट्ट लागतंय का, रंग गडद झालाय का, हे हातानं चाचपावं लागतं. एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही असं सांगणारे मॅनेजर मला भेटलेत. एअर बेड मदत करतो, पण माणसाची कूस तो वळवत नाही.

'आम्ही दर दोन तासांनी पोझिशन बदलतो' असं वाक्य ऐकलं की मी एक साधा हिशोब घालते. समजा वीस जण अंथरुणावर आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तास, प्रत्येकाची कूस चारदा, म्हणजे ८० वेळा. डायपर बघून, चादर ओढून एका वेळेला पाच मिनिटं धरली तरी ४०० मिनिटं झाली. सहा तास चाळीस मिनिटं. रात्रपाळीला एकच मावशी असेल तर तिनं आठ तासांत जेमतेम टेकायचं, आणि वजनदार माणसाला वळवायला तर दोघी लागतात. म्हणून कॅमेरे किती हे विचारण्याआधी रात्री मावश्या किती आणि मामा किती हे विचारावं, आणि उत्तर ऑफिसात न घेता त्या मावशीकडूनच घ्यावं. माझ्या बघण्यात इथल्या कितीतरी मावश्या पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या. जुलैत आवणीला, म्हणजे भातलावणीला, त्या गावी जातात. त्या पंधरा-वीस दिवसांत काय व्यवस्था असते, हा प्रश्न विचारल्यावर मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा होतो. (मावश्यांना दोष नाही. शेत कुणाच्या पेशंटसाठी थांबत नाही.)

रजिस्टरचंही तसंच. औषधांचा तक्ता भिंतीवर टांगलेला असतो, चौकोनात टिका केलेल्या असतात. नीट बघा. आठवड्याच्या सगळ्या टिका एकाच पेनानं, एकाच हातानं, एकाच दमात केल्यासारख्या दिसल्या तर ते रजिस्टर शनिवारी संध्याकाळी भरलेलं आहे. मला त्यापेक्षा वजनाची वही जास्त सांगून जाते. महिन्यातून एकदा वजन करणाऱ्या जागा कमी, पण ज्या करतात तिथे दोन महिन्यांत तीन किलो उतरल्याचं कुणाच्या तरी लक्षात येतं, मग कवळी सैल झाली हेही लक्षात येतं. दात नसलेल्या माणसापुढे बाजरीची भाकरी ठेवली आणि तासाभरानं ताट उचललं, तर नोंद होते 'जेवण दिले'. नोंद खोटी नाहीच. जेवण दिलं होतं. कवळी खिडकीत डबीत होती, आणि डबीतलं पाणीही आटलेलं.

या दोन गोष्टी एकमेकींना पूरकच असायला हव्यात. पण बऱ्याच ठिकाणी देखरेख सोपी जावी म्हणून देखभाल आखडली जाते. आजींना रात्री बाथरूमला उठताना पडायची भीती, म्हणून सरसकट डायपर. डायपर आहे म्हणून उठवायचं कारण नाही. उठवत नाहीत म्हणून आठ-दहा दिवसांत मांड्यांतला जोर गेला. आता त्या खरंच उठू शकत नाहीत, आणि फाइलवर लिहिलं जातं 'बेडरिडन'. पडल्या मात्र नाहीत, तेवढं देखरेखीनं साधलं. दर अडीच-तीन तासांनी हात धरून बाथरूमला नेलं असतं तर कदाचित अजूनही चालत असत्या, पण त्याला दर वेळी एका माणसाची दहा मिनिटं लागतात. कठड्यांचंही असंच. गोंधळलेला माणूस कठड्यावरून उतरायला बघतो तेव्हा पलंगावरून नाही, त्याहून उंचावरून पडतो.

सगळ्यात फसवा प्रकार झोपेचा. दुपारी चारला वॉर्डात गेलं आणि सगळे शांत, तर घरच्यांना बरं वाटतं. मला शंका येते. म्हातारी माणसं दुपारी तासभर झोपतात, चारला चहाची वाट बघत बसलेली असतात. सगळेच गाढ असतील तर गोळ्यांची यादी मागून बघावी, आणि कुठली गोळी कुणी, कशासाठी, किती दिवसांकरता लिहिली हे विचारावं. झोपेच्या गोळ्यांनी माणूस शांत होतो, पण तोल जातो, जेवण कमी होतं, घास गिळताना ठसका लागतो. आणखी एक. कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज अचानक बडबडायला लागला, भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणाला, तर 'वय झालं आता' म्हणून सोडून देऊ नये. लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, सोडियम उतरणं, साखर खाली जाणं, म्हातारपणात यांची पहिली खूण पुष्कळदा ताप किंवा दुखणं नसतेच, ती असते असा गोंधळ. डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, महिनोन्महिने सरकतो. हे एका दिवसात येतं आणि कारण सापडलं तर उतरतंही. त्याला आधी डॉक्टर आणि तपासणी हवी. गुंगीची गोळी दिली की बडबड थांबते, नजर ठेवणाऱ्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटतो, आणि संसर्ग आत तसाच राहतो.

देखरेख नकोच असं मात्र कुणी समजू नये. इन्शुलिन घेणारा, फिट येणारा, वाट चुकणारा माणूस असेल तर नजर हवीच. पंचवटीतले एक आजोबा मला आठवतात. आयुष्यभर पहाटे गंगेवर, म्हणजे रामकुंडावर, आंघोळीला जायची सवय. डिमेन्शिया झाल्यावर पहिल्या जागी ते पहाटे चारला उठून फाटक हलवायचे. तिथे कुलूप लावलं. मग ते ओरडायला लागले, मग गोळी सुरू झाली, मग दिवसभर मान खाली. सुनेनं जागा बदलली. दुसऱ्या जागी फाटकाला कुलूप होतंच, काढलं कुणीच नाही. पण तिथल्या मामांनी पहिल्या दिवशी सुनेला बसवून विचारलं, 'हे पहाटे कुठं जायला बघतात?' दुसऱ्या दिवसापासून पाच वाजता कोमट पाण्याची बादली, तांब्या, आणि मोठ्यानं श्लोक म्हणायची मोकळीक. आंघोळ झाली की पंचा पिळून स्वतः दोरीवर टाकायचे. मग आजोबा चहा घेऊन खुर्चीत. कुलूप दोन्हीकडे तेच होतं.

कायद्याची कागदपत्रं कुठे बसतात हेही बघून ठेवावं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाचा कायदा २००७ चा, महाराष्ट्राचे त्याखालचे नियम २०१० चे. त्यातलं कलम १९ निराधार ज्येष्ठांसाठी जिल्ह्याला किमान एक, किमान १५० जणांचा वृद्धाश्रम सरकारनं उभारण्याबद्दल आहे, आणि तिथल्या सेवांचे निकष ठरवायचा अधिकारही त्यातच येतो. खासगी ट्रस्टची नोंदणी धर्मादाय आयुक्तांकडे असते, ती ट्रस्टच्या कारभाराची आणि हिशोबाची. ऑफिसात फ्रेम करून लावलेलं हे सर्टिफिकेट जरूर बघावं, फक्त ते टाचेबद्दल काही सांगतं असं धरू नये. त्रास होत असेल आणि कुणाशी बोलायचं कळत नसेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

एवढं सगळं एका भेटीत कसं बघायचं, असं लोक विचारतात. माझी पद्धत ठरलेली नाही, पण जेवणाची वेळ मी सोडत नाही. भरवणारी मावशी बसलीय की उभी आहे? उभी असेल तर घाई आहे. आजोबांना टेकवून बसवलंय की अर्धवट आडवं? पहिला घास गिळेपर्यंत दुसरा चमचा तोंडापाशी आलाय का? जेवल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात की लगेच पाठ टेकवतात? मग जीभ. कोरडी, भेगाळलेली जीभ म्हणजे पाणी पोटात जात नाहीये. थंडीत हे जास्त होतं, कारण लघवीला उठायला लागू नये म्हणून म्हातारी माणसं पाणीच पीत नाहीत, आणि तशीही या वयात तहान कमी लागते. थंडीतच गरम पाण्याच्या पिशव्या निघतात. मधुमेहानं बधिर झालेल्या पावलाला भाजतंय हे कळत नाही, त्यामुळे पिशवी पायाशी ठेवून निघून जाणारी मावशी दिसली की मी कुणाचीही ओळख नसताना ओरडते. वासाबद्दल लोक फार बोलतात. सकाळी सहाला थोडा वास असणारच, तो मला प्रामाणिक वाटतो. दिवसभर नुसता फिनेलचा भपका असेल तर तो कशावर ओतलाय ते बघावं. आणि हाक. निवृत्त मास्तरांना तिथली मुलगी 'गुरुजी' म्हणते की सगळ्यांनाच 'ओ बाबा' म्हणते, यावरून प्रवेशाच्या वेळी कुणी चार प्रश्न विचारले होते की नाही ते समजतं.

मागच्या महिन्यात एका मैत्रिणीबरोबर तिच्या सासूबाईंसाठी एक जागा बघायला गेले होते. मी वजनाची वही मागितली. मॅनेजर म्हणाले, 'वही कशाला मॅडम, तुम्हाला लाइव्हच दाखवतो,' आणि आम्हाला मोठ्या स्क्रीनसमोर बसवलं. सोळा चौकोन. मैत्रीण खूश झाली. खालच्या ओळीतल्या एका चौकोनात एक आजी पलंगावर होत्या, शेजारच्या टेबलावर स्टीलचा पेला. त्यांनी हात लांब केला, बोटं पेल्यापासून वीतभर अलीकडे थांबली. हात खाली आला. थोड्या वेळानं पुन्हा गेला, पुन्हा तिथेच थांबला. मॅनेजर मागून आम्हाला कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग तीस दिवस राहतं हे समजावून सांगत होते.

मी उठले आणि खोलीचा नंबर विचारला.