पंखातली काटकोनी शीर

पिकलेल्या केळ्यांवर चिलटं जमतात, त्यांनाच जनुकशास्त्राच्या पुस्तकांत ‘फळमाशी’ म्हणतात. ती ड्रॉसोफिला. हापूसच्या बागायतदाराची फळमाशी मात्र निराळीच: घरमाशीएवढी, अंगावर पिवळे पट्टे. चिलटांना आंबलेल्या फळावरचं यीस्ट हवं असतं, तर ही झाडावरच्या धडधाकट आंब्याची साल भोसकून आत अंडी घालते. कीटकशास्त्राच्या लेखी खरी फळमाशी हीच. तिचं कुल टेफ्रिटिडी, त्यात सुमारे ५००० जाती. ड्रॉसोफिला फार लांबच्या शाखेतली.

जवळची नाती वेगळीच आहेत. युलिडिडी कुलातल्या चित्रपंखी माश्या पंखांवर काळे-तपकिरी पट्टे मिरवतात आणि चालताना पंख सतत हलवत राहतात. बहुतेकींच्या अळ्या कुजक्या पाल्यापाचोळ्यात वाढतात. प्लॅटिस्टोमॅटिडी हे तिसरं कुल. त्यातल्या रिव्हेलिया माशीच्या अळ्या तुरीच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठी पोखरतात. आंबा किडवणारी आणि तुरीच्या गाठी खाणारी अशी एकमेकींच्या नात्यातल्या निघाव्यात, याचं मला आजही नवल वाटतं. नात्याची खूण मादीच्या पोटाच्या टोकाला दिसते: सातव्या खंडाची वरची-खालची तबकं जुळून नळी झालेली, अंडी घालण्याचा अवयव त्यातून बाहेर येतो.

मग खरी फळमाशी आणि चित्रपंखी माशी वेगळ्या ओळखायच्या कशा? नक्षीवर जाऊ नका, ती दोन्हींकडे असते. भिंग घ्या आणि पंखाच्या पुढच्या कडेलगतची बारीक शीर बघा. चित्रपंखी माशीत ती अलगद तिरकी होत कडेला मिळते. खऱ्या फळमाशीत ती कडेजवळ येते, एकदम काटकोनात वळते आणि पुसट होत जाते. एकदा तो कोन नजरेत बसला की विसरत नाही.

जातींच्या पातळीवर मात्र शिरा पुरत नाहीत. आंब्याची फळमाशी म्हणजे बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस. २००३ साली केनियात तशीच एक माशी सापडली; २००५ मध्ये तिला ‘इन्व्हेडन्स’ असं नवं नाव मिळालं. आग्नेय आशियातली ‘पपाये’ही तोवर वेगळी जात मानली जाई. पुढे लक्षात आलं की या माश्या आपसात विनाअडथळा जुगतात आणि त्यांची पिल्लावळही प्रजननक्षम निघते. डीएनएतही जाती वेगळ्या काढण्याजोगा फरक नव्हता. २०१५ मध्ये त्या साऱ्या डॉर्सॅलिसमध्येच विलीन झाल्या. त्यांच्यासारखीच दिसणारी ‘कॅरॅम्बोले’ मात्र खरोखर वेगळी ठरली. निर्यातीच्या आंब्याला कोणत्या देशाचं दार उघडं आणि कोणत्या देशाचं बंद, हे अशा नावांवरही ठरतं, म्हणून हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो.

जातीजातींतला फरक बागेतल्या सापळ्यातही दिसतो. बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाच्या ध्यानात आलं, की सिट्रोनेला तेलाच्या वासाला फळमाश्यांचे नर धावत येतात. १९१२ मध्ये त्याने ते प्रसिद्धही केलं. पुढच्या शोधात मिथाइल युजेनॉल हे नरांना ओढणारं वासाचं रसायन हाती लागलं. आंब्याच्या बागांतले सापळे आजही त्याच वासावर चालतात. पण कारल्याच्या मांडवात तोच सापळा टांगला, तर कारल्याची फळमाशी त्याला दाद देत नाही. तिची प्रजातीही (जवळच्या जातींचा गट) आता वेगळी मानली जाते, झ्यूगोडॅकस, आणि तिच्या नरांना बोलावायला क्यू-ल्यूर हे दुसरं वासाचं रसायनच लागतं.